मद्य घेतल्यावर रक्तदाब कमी दिसतो, तो कशामुळे?

प्रश्न : माझे वय ५४ आहे. उच्च रक्तदाबासाठी रोज सकाळी ॲम्लोडिपिनची एक गोळी चालू आहे. आठवड्यातून तीन-चार वेळा, रात्री आठच्या सुमारास, मी ६० मिलिलिटरचे दोन पेग व्हिस्की घेतो. तासाभराने घरच्या यंत्रावर बीपी मोजले की वरचा आकडा नेहमीपेक्षा कमी येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो १५० च्या पुढे असतो. मद्याने रक्तदाब उतरत असेल, तर ते सोडण्याचा आग्रह कशासाठी? आणि ज्या दिवशी घ्यायचे, त्या दिवशी गोळी टाळावी का?

उत्तर : आपण रात्री आणि सकाळी, दोन्ही वेळा मोजता हे फार चांगले आहे, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर या दोन आकड्यांमधील फरकातच आहे. मद्य पोटात गेल्यावर रक्तवाहिन्या काही काळ सैलावतात, चेहरा व कान गरम होतात आणि दाब खाली येतो. त्याच वेळी यंत्रावरचा नाडीचा आकडा पाहा; तो बहुधा वाढलेला असेल, कारण उतरलेला दाब सावरण्यासाठी हृदयाला अधिक वेगाने काम करावे लागते. एका वेळी ३० ग्रॅमपेक्षा जास्त शुद्ध अल्कोहोल घेतले, तर ही घट सुमारे बारा तास टिकू शकते आणि त्यानंतर दाब मूळ पातळीच्याही वर जातो. व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरमध्ये सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे आपल्या दोन पेगांत ४० ग्रॅम होते. रात्री आठला घेतलेल्या मद्याचा हिशेब असा दुसऱ्या दिवशी सकाळी द्यावा लागतो, आणि त्या वेळी आपण यंत्राजवळ नसाल तर तो कळतही नाही.

हे आठवड्यातून अनेकदा होत राहिले, की वाढ तात्पुरती राहत नाही. शरीराला सतत सज्ज ठेवणारी मज्जासंस्था अधिक सक्रिय होते, मूत्रपिंडांशी निगडित, रक्तदाब चढवणारी रेनिनसारखी द्रव्ये वाढतात आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराची सैल होण्याची क्षमता घटते. ‘वाइन तर हृदयाला चांगली’ असे बरेच जण ऐकवतात. परंतु मद्य आणि रक्तदाब यांचा संबंध प्रथम ठळकपणे नोंदवला गेला तो वाइन पिणाऱ्यांमध्येच. कामी लियाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १९१५ मध्ये सैनिकांची तपासणी करून, जास्त वाइन पिणाऱ्यांमध्ये उच्च रक्तदाब अधिक आढळतो, असे मांडले होते. बिअर ‘हलकी’ असते हाही असाच समज आहे. ८ टक्के अल्कोहोल असलेल्या ५०० मिलिलिटर बिअरमध्ये ३० ग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असते.

युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये दिलेला सल्ला असा आहे, की मद्य टाळणे उत्तम आणि घ्यायचेच तर आठवड्याला सुमारे १०० ग्रॅम शुद्ध अल्कोहोलच्या आत राहावे. आपले प्रमाण १२० ते १६० ग्रॅम होते. माझे मत विचाराल, तर दाब आटोक्यात नसताना मर्यादेचा हिशेब करत बसण्यापेक्षा महिनाभर पूर्ण थांबावे. या काळात रोज सकाळी गोळीपूर्वी, पाच मिनिटे शांत बसून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे आणि ती वही डॉक्टरांना दाखवावी. आकडे उतरले तरी गोळीचे प्रमाण त्यांनीच ठरवायचे आहे.

गोळी कोणत्याही दिवशी टाळू नये. गोळीही नाही आणि वर मद्य, अशा दिवसानंतरची सकाळ अधिकच वाईट जाते. मात्र मद्यानंतर झटकन उठल्यास भोवळ येऊ शकते. प्राझोसिन (रक्तदाबावरचे एक औषध), नायट्रेट (हृदयविकारातील छातीदुखीवरचे औषध) किंवा लघवी वाढवणारी औषधे घेणाऱ्यांना हा धोका अधिक असतो.

प्रश्न : माझे पती अनेक वर्षे रोज बरेच मद्य घेतात. बीपी १७० निघाल्यावर उद्यापासून ते एकदम बंद करायचे, असे त्यांनी ठरवले आहे. हे योग्य आहे का?

उत्तर : निर्णय योग्य आहे, पण तो डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय अमलात आणू नका. रोज भरपूर घेणाऱ्याने अचानक थांबवल्यास सहा ते चोवीस तासांत हात थरथरणे, घाम, धडधड सुरू होते आणि रक्तदाब उलट वाढतो. पहिल्या दोन दिवसांत आकडीचे झटके येऊ शकतात आणि त्यानंतर भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. डॉक्टर हा काळ औषधे व थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) देऊन सुरक्षितपणे पार पाडतात. थांबवण्यापूर्वीच त्यांना भेटा आणि रोजचे खरे प्रमाण न लपवता सांगा. मद्य आधीच बंद केले असेल आणि आकडीचा झटका आला, नसलेल्या वस्तू दिसू लागल्या किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर सकाळची वाट न पाहता त्यांना रुग्णालयात न्या.