शाहू महाराजांच्या काळात पोरगं शाळेत नाही घातलं तर खरंच दंड व्हायचा का?

व्हय, खरंच व्हायचा. १९१७ ला महाराजांनी करवीर (म्हणजे कोल्हापूर) संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि फुकट केलं, आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला १ रुपया दंड. आज रुपयात चहापण येत नाही ओ, पण तेव्हा शेतमजुराला ती रक्कम चांगलीच झोंबायची, शिवाय गुरं राखायला जाणारं हक्काचं पोरगं शाळेत बसणार म्हणजे घरात बोंबाबोंब होणारच की. गंमत म्हणजे असंच सक्तीच्या शिक्षणाचं बिल गोपाळ कृष्ण गोखल्यांनी (सुरुवातीला शिकले आपल्या कागल-कोल्हापुरातच) १९११ मध्ये इंग्रजांच्या कौन्सिलात मांडलेलं, ते सरकारनं पाडलं. माझ्या मते फी माफ करण्यापेक्षा सक्ती करायलाच जास्त जिगर लागली असणार.