घड्याळातला स्ट्रेसचा आकडा बघून मूडची डायरी ठेवावी का?

तुम्ही विचारलाय की स्मार्टवॉचवर रोज स्ट्रेसचा आकडा येतोय, तो धरून मूडची नोंद ठेवली तर उपयोग हाय काय. ठेवा की, पण तो आकडा अंगाचा हाय, मनाचा न्हवं.

मी बेळगावात उद्यमबागेत मशीन शॉपला क्वालिटीत हाय, त्यामुळं कुठलंबी गेज हातात आलं की हे नेमकं काय मोजतंय ते आधी बघायची खोडच. घड्याळाच्या पाठीमागचा हिरवा लाईट रक्ताच्या लाटेवरनं ठोके पकडतोय, आणि दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमीजास्त होतंय त्यावरनं हिशोब लावतोय, अंतर फारच एकसारखं झालं की म्हणतोय ताण. 2020 ला आलेल्या फिटबिट सेन्समध्ये तर घामानं कातडीतनं करंट किती सहज जातोय तेबी बघायचे. पण अंगाला काय, भीती असूद्या, आनंद असूद्या नाहीतर कडक चहा, ठोके वाढणारच. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल गळ्यात अडकवून कपिलेश्वर तलावाकडं चाललोय, रंगात आलोय, आणि मनगटावर मेसेज काय, तर "शांत व्हा, श्वास घ्या"! उलट बाबांच्या रिपोर्टची वाट बघत दवाखान्यात पोटात गोळा घेऊन बसलो होतो तवा हे घड्याळ म्हणतंय "रिलॅक्स्ड".

आवाजाचं, चेहऱ्याचंबी तेच. अ‍ॅमेझॉनचा हेलो नावाचा मनगटी पट्टा बोलण्याच्या टोनवरनं मूड सांगायचा, 2020 ला काढला आणि 2023 ला गुंडाळला. मायक्रोसॉफ्टनं चेहऱ्यावरनं भावना ओळखायची सोय 2022 पासनं काढून टाकायला घेतली. (आमच्या भाजी मार्केटात असला पट्टा घालून गेलं तर नुसता भाव विचारला तरी भांडण म्हणून नोंद होईल.)

म्हणून आकडा बघायच्या आधी एक शब्द लिहा, चिडलोय, कंटाळलोय, बरं वाटतंय, काय असंल ते, आणि मग आकडा. झोपेतलं रीडिंग त्यातल्या त्यात बरं कारण हात हलत नाही, तेबी स्वतःच्याच मागच्या आठवड्यांशी लावून बघायचं, दोस्ताच्या आकड्याशी न्हवं.

आणि कंपनीनं फुकट घड्याळ देऊन डेटा मागितला तर परवानगीचं पान वाचल्याशिवाय ओके दाबू नका. युरोपात कामाच्या जागी आणि शाळेत असल्या भावना ओळखणाऱ्या एआयवर फेब्रुवारी 2025 पासनं बंदी हाय, औषधोपचार आणि सुरक्षेचं कारण सोडून. आपल्याकडं तसली खास बंदी नाही.