माळवदावर सिमेंटचा कोबा टाकावा का?

प्रश्न : उत्तर कसब्यात आमचा सुमारे ८० वर्षांचा वाडा आहे. दरवर्षी मृगाआधी माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, माती टाकतो, तरी दोन खण (दोन तुळयांमधले भाग) गळतात. गवंडी म्हणतात, वरून ३ इंच सिमेंटचा कोबा करा, कटकट मिटेल. करावा का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नका करू. १० बाय १० फुटांच्या खोलीवर असा कोबा म्हणजे दीड टनाहून जास्त ओझं. लाकूड हवामानाप्रमाणे फुगतं-आकसतं, कोब्याला ते झेपत नाही. त्याला भेगा पडतात, आत शिरलेलं पाणी वाळत नाही आणि तुळई कुजत राहते.

गळतीचं मूळ बहुधा दरवर्षीच्या मातीतच आहे. जुनी न खरवडता नवी टाकत गेलात, तर प्रत्येक इंचाला तेवढ्याच खोलीवर सुमारे ४०० किलो वजन वाढतं. भिजली की आणखी. तुळई मधोमध वाकते, खळगा पडतो आणि पाणी नेमकं तिथेच साचतं.

काम एप्रिलमध्ये काढा. आधी तुळयांना टेकू द्या, मगच माती उतरवा. सगळीकडून थोडी थोडी, एका बाजूने नाही. किलचा (तुळयांवर आडव्या अंथरलेल्या लाकडी फळ्या) उघड्या पडल्या की तुळईची भिंतीत गेलेली टोकं पेचकसाने टोचून बघा. कूज आणि वाळवी तिथूनच सुरू होते. पेचकस सहज रुतला, तर ती तुळई बदलायचीच.

नवा थर चाळलेल्या पांढऱ्या मातीचा करा. काळी माती अजिबात नको, ती भिजली की फुगते आणि वाळली की तडकते. ४ घमेली मातीला १ घमेलं गव्हाचा भुसा घालून आठवडाभर भिजवा, रोज तुडवा. एकूण जाडी ५ ते ६ इंच, दोन थरांत, प्रत्येक थर धुमसाने ठोकून घट्ट करून. पन्हाळीकडे १० फुटांत ३ इंच उतार हवाच; मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. कठड्याच्या कडेला मातीची गोलाई द्या, पन्हाळ भिंतीबाहेर फूटभर काढा. शेवटचा शेणमातीचा गिलावा संध्याकाळी करा आणि ओलं गोणपाट टाका. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात तो तासाभरात तडकतो.

पुढे दरवर्षी फक्त भेगा बुजवा. माती टाकायचीच असेल, तर आधी तेवढीच खरवडा.

प्रश्न : वळवाच्या वाऱ्यात पत्रे उचलले जातात. वर दगड ठेवले आहेत. पुरेसं आहे का?

उत्तर : नाही. वारा पत्र्याला वर ओढतो, त्यात दगडच घरंगळून कुणाच्या डोक्यात पडेल. हुक-बोल्ट पत्र्याच्या खोलगट भागात नव्हे, उंचवट्यावर रबरी वायसर घालून बसवा. कडेच्या आणि कोपऱ्यातल्या पत्र्यांना एकाआड एक उंचवट्यावर बोल्ट हवा, कारण ओढ तिथे सर्वांत जास्त असते. वरखाली जोड किमान ६ इंचांचा ठेवा. पत्र्याखालचा वासा भिंतीला लोखंडी पट्टीने जखडलेला आहे का, तेही बघा; नसेल तर पत्र्यांसकट वासाही उचलला जाईल.