नाल काढायची? आधी गव्हाण बघा

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. माझी पाच वर्षांची घोडी आहे. सकाळची फेरी आणि लग्नसराईत वराती, एवढंच काम. पुण्याचा भाचा म्हणाला, बाहेरच्या देशांत आता घोडे बिननालेचे ठेवतात, खूर नैसर्गिक राहतो. म्हणून गेल्या महिन्यात चारही पायांची नाल काढली. शेतात ठीक चालते, पण खडीवर आली की पाय आखडते. सवय होईल म्हणून वाट बघू की परत नाल मारू? खुराक : भिजवलेले हरभरे, गव्हाचा भुसा, सीझनमध्ये उसाचं वाढं, फेरीहून आल्यावर गूळ. – एक वाचक, कोरेगाव

उत्तर : दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे. वाढं आणि गूळ.

खुराची बाहेरची भिंत आतल्या हाडाला पानापानांसारख्या नाजूक पदरांनी धरलेली असते. घोड्याच्या पोटात साखर जास्त गेली की रक्तात इन्शुलिन चढतं आणि हे पदर सुजतात. धान्य जास्त झालं तर न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो, त्याचाही शेवट तोच. याला लॅमिनायटिस म्हणतात. जोरात आला तर जनावर पुढचे पाय लांब टाकून, भार मागे घेऊन उभं राहतं. ते कुणालाही कळतं. सौम्य असला तर एवढंच दिसतं : मातीवर बरी, खडीवर आखडते. नाल असते तेव्हा तळवा जमिनीपासून उचललेला राहतो, म्हणून हे दुखणं झाकलं जातं. नाल निघाली की उघडं पडतं आणि बोल नाल काढणाऱ्याला लागतो.

म्हशीला वाढं चालतं, मग घोडीला का नाही, हे मला आपल्या ऊसपट्ट्यात प्रत्येक गोठ्यात ऐकावं लागतं. अहो, म्हैस रवंथ करते. घोड्याला तसं पोटच नाही.

तेव्हा आज संध्याकाळी एवढं करा. खुराच्या वर, घोट्याच्या मागे दोन्ही बाजूंना बोटं ठेवून नाडी बघा. निरोगी घोड्यात ती शोधावी लागते. ठणठण उडत असेल आणि खूर गरम लागत असेल, तर चालवणं बंद, खाली मऊ अंथरूण, पाय गार पाण्यात, आणि जवळच्या पशुवैद्यकाला लगेच बोलवा. खुरावरच्या आडव्या वळ्याही बघा. टाचेकडे रुंद आणि पुढे अरुंद होत गेलेल्या असतील, तर हे दुखणं जुनं आहे.

नाडी शांत असेल तर घाई नाही. वाढं आणि गूळ आजपासून बंद. हरभरे हळूहळू कमी करा, वरातीच्या घोडीला एवढं धान्य लागत नाही. डोंगरी वाळलं गवत किंवा कडबा वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे ३०० किलोच्या घोडीला साडेचार ते सहा किलो रोज. गवत अर्धा-एक तास पाण्यात बुडवून, ते पाणी ओतून टाकून घातलं तर त्यातली साखर आणखी उतरते.

आता खूर. तो महिन्याला साधारण सहा ते दहा मिलिमीटर वाढतो, म्हणजे केसांच्या रेषेपासून पुढच्या टोकापर्यंत नवा खूर यायला नऊ महिने ते वर्ष लागतं. खिळ्यांची भोकं त्याबरोबर खाली उतरून निघून जातील. कापणी चार ते सहा आठवड्यांनी, पण थोडी थोडी. तळव्याला चाकू लावायचा नाही, तिथली जाडीच तिची चप्पल आहे. मधला त्रिकोणी, रबरासारखा फ्रॉग कोरून ‘स्वच्छ’ करायचा नाही, लोंबणारी चिंधी तेवढी काढायची. कडा मात्र कानशीने गोल करा, नाहीतर भिंतीचे टवके उडतात. पुढचं टोक लांब ठेवू नका. बरोबर होतंय की नाही हे बाजूने चालताना कळतं : आधी टाच टेकली पाहिजे. आधी टोक टेकवत असेल, तर टाचेत दुखतंय.

जेमी जॅक्सन नावाच्या अमेरिकन नालबंदाने १९८२ ते १९८६ या काळात तिथल्या कोरड्या, खडकाळ रानातल्या जंगली घोड्यांचे खूर पाहिले, त्यातून बिननालेचा खूर ठेवायची ही पद्धत पुढे आली. तुम्हाला तेवढं लांब जायला नको. माण-फलटणकडच्या धनगरांची तट्टं बघा. संसार पाठीवर घेऊन मैलोन्मैल चालतात, बहुतेकांना नाल नसते. पण ती वाळलं गवत खातात आणि दिवसभर चालतात. तुमची घोडी तेवीस तास बांधलेली आणि तोंडात गूळ! कॅनॉलकडेच्या मातीच्या वाटेने रोज तासभर हिंडवा, खडी नंतर. वरातीची काळजी करू नका, गुळगुळीत डांबरावर लोखंडी नालेपेक्षा उघडा खूर कमी घसरतो.

प्रश्न : माझा टांगा आहे. रोज डांबरी रस्ता. मीही नाल काढू का? – एक वाचक, मिरज

उत्तर : नको. रोजची झीज वाढीपेक्षा जास्त असेल तर तळवा उघडा पडेल. नाल ठेवा, फक्त दर दीड महिन्याला ती काढून, खूर कापून परत मारा. झिजली नाही म्हणून तीन-तीन महिने तीच ठेवणारे लोक आहेत. नाल झिजत नसली तरी खाली खूर वाढतच असतो.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या घोड्याच्या खुराला घाण वास येतो, काळं पाणी निघतं. कुणी जुनं इंजिन ऑइल ओतायला सांगितलं. – एक वाचक, पाचगणी

उत्तर : ओतू नका. हा थ्रश आहे, फ्रॉग कुजतोय. आधी लघवी आणि चिखलातून घोडा बाहेर काढा, निदान रात्री कोरड्यात उभा राहील असं बघा, नाहीतर कुठलंच औषध टिकणार नाही. रोज खूर टोकरून, धुऊन, कोरडा करून मधल्या खाचेत पोव्हिडोन आयोडीनचा बोळा दाबा. मोरचूद नुसता भरू नका, जिवंत भाग भाजतो. खाच खोल असेल आणि बोट लावल्यावर पाय ओढून घेत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : कारखान्याच्या बैलांना पत्र्या मारणारा कारागीर घोड्याचे खूर कापून देईल का? घोड्याचा नालबंद इकडे मिळत नाही. – एक वाचक, वाळवा

उत्तर : हात त्याचा तयार असतो, पण बैलाचा खूर दुभंगलेला आणि काम बैलाला आडवं पाडून. घोड्याचं सगळं उभ्याने, आणि चारही खूर एकमेकांशी जुळवून बघायचे. त्याला शिकायची इच्छा असेल तर सांगली-मिरजेकडे घोडागाडीवाल्यांकडे येणाऱ्या नालबंदाबरोबर त्याला काही दिवस राहू द्या. तोवर तुम्ही स्वतः पंधरा दिवसांनी कानशीने फक्त कडा गोल करत चला. पकड आणि चाकू सध्या हातात घेऊ नका.