बाबांचा गुडघा बदललाय. अमेरिकेच्या प्रवासात इकॉनॉमीतली भिंतीसमोरची सीट जादा पैसे भरून घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की आई-बाबा बडोद्याहून मुंबईला जाऊन थेट न्यूयॉर्कचं विमान धरणार आहेत, आणि ट्रॅव्हल एजंट म्हणतो, "बल्कहेड (म्हणजे भिंतीसमोरची पहिली रांग) घ्या, पाय ऐसपैस पसरता येतात." हे वाचून हसू आलं, कारण आम्हालाही हेच सांगितलं होतं.

आमची मुलगी न्यू जर्सीला. त्यामुळे बडोद्याच्या दांडिया बाजारातून निघून 15-16 तास विमानात बसायचा योग दर दोन वर्षांनी येतोच. ह्यांचे दोन्ही गुडघे बदललेले. दोनदा भिंतीसमोर बसलो, बाकी वेळी साध्या रांगेत.

पाय पसरण्याचं म्हणाल तर ते विमानावर आहे. काही विमानांत भिंत खरंच लांब असते, काहींत इतकी जवळ की उंच माणसाचे बूट तिला टेकतात. साध्या रांगेत निदान पाऊल पुढच्या सीटखाली सरकवता येतं (तिथे पिशवी कोंबली नसेल तर). भिंतीखाली काय सरकवणार? आमचे हे उंच आहेत. पहिल्या खेपेला मध्यरात्री ते टाचा भिंतीला लावून, पाय वर करून बसले होते. एअर होस्टेसनं गोड हसून खाली घ्यायला लावले.

तरीही पुढच्या वेळी आम्ही तीच सीट मागितली. कारण उठणं. साध्या रांगेत मधल्या सीटवरच्या माणसाला बाथरूमला जायचं तर कडेच्याला उठवावं लागतं, आणि आपली पिढी कोणाला झोपेतून उठवायला इतकी लाजते की पाणीच कमी पिते. लांबच्या प्रवासात नेमकं तेच करू नये. तासा-दीड तासानं उठून चार पावलं टाकायला हवीत, नाहीतर पाय सुजतात, रक्ताची गुठळी व्हायची भीती असते. समोर भिंत असली की सरळ उभं राहून चालू पडायचं. पुढचा माणूस सीट मागे पाडून गुडघ्यावर आदळत नाही, हाही फायदाच.

एक गंमत मात्र बसल्यावरच कळते. गुडघ्याचा पेशंट उठताना समोरच्या सीटची पाठ धरून उठतो. इथे समोर धरायला काहीच नाही. पण इथे सीटच्या हातांमध्ये ट्रे आणि बहुधा स्क्रीनही घडी करून ठेवलेला असतो, म्हणून ते हात भरीव असतात, वर उचलता येत नाहीत. त्यांच्यावर दोन्ही तळवे रेटून उठायचं. बाबांना घरच्या खुर्चीवर तसं उठून बघायला सांगा. त्याच भरीव हातांमुळे सीट थोडी अरुंद होते. अंग जरा भारी असेल तर जाणवतं, आणि पोट सुटलेलं असेल तर ट्रे आडवा नीट बसत नाही. ह्यांच्या ट्रेवरची डाळीची वाटी न्यूयॉर्ककडे कललेली होती, असं आमची नात अजून सांगते!

सगळ्यात मोठी अडचण पिशवीची. समोर सीट नाही म्हणजे तिच्याखाली जागा नाही. टेकऑफ आणि लँडिंगला सगळं वरच्या कप्प्यात. पहिल्या वेळी ह्यांच्या बीपीच्या गोळ्या, चष्मा आणि लीलो चेवडा, सगळं वर गेलं. उडाल्यावर हवा खराब, पट्ट्याचा दिवा विझेचना, गोळीची वेळ टळली. तेव्हापासून ह्यांच्या बंडीला मी आतून दोन मोठे खिसे शिवून घेतलेत. गोळ्या, चष्मा, पासपोर्ट तिथे.

आणि बाळं. पाळणा त्याच भिंतीला अडकवतात, म्हणून तान्ह्या बाळाचे आईबाप तिथेच असतात. एक रडलं की दुसरं सुरू होतं. शिवाय पाळणा लागला की त्याच्यापुढून जाताना वाकावं लागतं, म्हणजे उठण्याची सोय गेलीच. वर बाथरूम आणि किचन बहुधा जवळ, त्यामुळे उजेड आणि खडखडाट.

एजंट अमेरिकेच्या नियमाचंही म्हणतोय ना, की पायाचा त्रास असेल तर अशी सीट द्यावीच लागते? अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांना तो लागू आहे, पण ज्याचा पाय मुळीच वाकत नाही त्याच्यासाठी. त्याला त्याच वर्गात बल्कहेड किंवा पायांना जास्त जागा असलेली दुसरी सीट द्यावी लागते. बाबांचा गुडघा वाकत असेल तर त्यावर विसंबू नका. इमर्जन्सी दरवाजाजवळची सीटही सुचवली तर नको म्हणा. तिथे वेळ पडली तर दरवाजा उघडू शकेल असाच माणूस बसवतात.

तेव्हा बल्कहेडची आइल (वाटेकडची) सीट मिळत असेल तर घ्या, आईंना शेजारची. बदललेला पाय वाटेच्या बाजूला येईल अशी बघा, म्हणजे जेवणाची गाडी नसेल तेव्हा तिरका लांब करता येतो. आइल नसेल तर पैसे वाचवा, साध्या रांगेतली आइल घ्या आणि पिशवी वर टाका.

पैसे भरले तरी निर्धास्त राहू नका. बाळवाल्यांसाठी किंवा विमान बदललं म्हणून सीट हलवतात, आमची एकदा हलवली होती. वेब चेक-इन उघडलं की लगेच नंबर तपासा, आणि बदललेला दिसला तर तेव्हाच फोन करा. काउंटरवर पोचेपर्यंत पुढची रांग भरलेली असते.