महागडी मशीन न घेता गोल्फ स्विंग कसा तपासायचा?
फोन पुरतो, खरंच. स्लो-मोशनला ठेवा, सेकंदाला २४० फ्रेम मिळत असतील तर उत्तमच, ट्रायपॉड नसेल तर बॅगेला टेकवा पण उंची हातांच्या लेव्हलला आणि दरवेळी जागा तीच हवी, कारण कॅमेरा जरा सरकला की चांगला स्विंगही वाकडा दिसतो. एकदा समोरून शूट करा, वजन पुढच्या पायावर जातंय का ते कळतं, एकदा मागून टार्गेटच्या लाइनमध्ये, त्यात क्लबचा, म्हणजे गोल्फच्या काठीचा, पाथ दिसतो, ती कुठल्या रस्त्याने फिरते ते. एका वेळी एकच गोष्ट बघा हां, नाहीतर डोक्याचा पार भुगा होतो. आणि क्लबफेसवर, म्हणजे काठीच्या बॉलला लागणाऱ्या भागावर, फूट पावडरचा (पायांना लावतात ती पावडर) स्प्रे नक्की मारून बघा, बॉल मधे लागला, की हीलला (दांड्याकडच्या बाजूला), की ‘टो’ला (बाहेरच्या टोकाला), त्याचा ठसाच उमटतो, माझ्या मते व्हिडिओपेक्षाही हे जास्त शिकवतं.