सासूबाईंचे गुडघे आणि भरतपूरचे करकोचे

प्रश्न : ताई, नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात आम्ही दर हिवाळ्यात जातो. यंदा नाताळच्या सुट्टीत राजस्थानातल्या भरतपूरला पक्षी बघायला जायचं म्हणतोय. सोबत सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे धरलेत. त्यांना न्यावं का? शिवाय हे वीस पटीची दुर्बीण घ्यायची म्हणतात. – एक वाचक, निफाड

उत्तर : न्या, खुशाल न्या! नांदूरला मनोऱ्याचे जिने चढावे लागतात, भरतपूरच्या केवलादेव उद्यानात तो त्रास नाही. 29 चौरस किलोमीटरचं उद्यान, पण सगळं सपाट. दारातच सायकलरिक्षा मिळते. ती ओढणारे नुसते चालक नव्हेत, कोणत्या झाडाच्या ढोलीत घुबड बसलंय हे त्यांना पाठ असतं. पहिल्या खेपेला मी पैसे वाचवायला पायी फिरले आणि दिवसभर बदकंच मोजत बसले. दुसऱ्या दिवशी रिक्षावाल्याने अर्ध्या तासात दोन घुबडं दाखवली.

तिकिटं काढण्याआधी मात्र फोन करून एवढंच विचारा, ‘पाणी आहे का?’ तिथली तळी मुळात माणसाने बांध घालून केलेली. अजान बांधातून पाणी सोडलं तर तळी भरतात. पाऊस ओढ देतो त्या वर्षी नुसती बाभळीची झाडं बघून परत यावं लागू शकतं.

पाणी असेल तर रस्त्याकडेच्या बाभळींवर चित्रबलाकांची, म्हणजे रंगीत करकोच्यांची, वसाहत दिसेल. पिल्लं मळकट रंगाची, आईबापांएवढी झालेली, तरी मासा मागत कलकलाट करतात. हे बघायला दुर्बीणही लागत नाही. सासूबाईंना रिक्षातच बसू द्या, तासभर. सगळं उद्यान पालथं घालायचा हट्ट नको. हळदी-कुंकू बदक तेवढं दाखवा. नांदूरलाही असतं म्हणा, पण चोचीच्या टोकाला हळद आणि बुडाशी कुंकवाचे दोन ठिपके त्यांनी स्वतः ओळखले, तर पुढच्या सहलीला त्याच आधी तयार होतील. सायबेरियन क्रौंच मात्र शोधू नका. 2002 नंतर ते तिथे आलेलेच नाहीत.

दुर्बीण 8×42, म्हणजे आठ पटीची आणि 42 मिलीमीटर भिंगाची, घ्या. वीस पटीत हाताचं कापणंही वीस पट दिसतं. पक्षी राहतो बाजूला, डोकं गरगरतं.

उद्यानातल्या केवलादेवाच्या देवळाजवळ जुन्या शिकारींचा शिलालेख आहे. 12 नोव्हेंबर 1938, व्हाइसरॉय लिनलिथगो, एका दिवसात 4273 पक्षी. मी दर वेळी तो वाचते आणि दर वेळी चिडते.

नाताळात तिथे धुकं पडतं, कधी नऊ-दहापर्यंत समोरचं झाडही दिसत नाही. जमलं तर नोव्हेंबरअखेर जा. नाहीच जमलं, तर सकाळी घाई न करता पोटभर नाश्ता करून निघा. आणि हो, निफाडची थंडी अंगात मुरलेली असली तरी उघड्या रिक्षात वारा झोंबतो. सासूबाईंच्या गुडघ्यांवर टाकायला एक गोधडी असू द्या.